हौदाच्या विटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तेही चाचरतच.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि एका बांधकामावर मी मुकादम होतो. विटा आणायचो पवनेच्या काठी, सखारामदादा कुंभारांच्या भट्टीवरून. वीट ओळखायला मला त्यांनीच शिकवलं — पोटच्या पोरासारखं, हाताला धरून.

त्यांचं एक सांगणं असे. कोरडी वीट वाजवून भुलायचं नाही, उन्हात कडक वाळली की कमी भाजलेली वीटही खणखणते. दिवसभर पाण्यात ठेवायची, मग खिळ्याने ओरखडायची. माती सुटली तर ती वीट आतल्या कोरड्या भिंतीला. भट्टीच्या कडेच्या अशा विटा त्यांनी वेगळ्या रचल्या होत्या. मला बजावलंही होतं, "ह्या हौदाला लावू नगंस. पाण्यात टिकायच्या न्हाईत."

आणि मी काय केलं? कारखान्याच्या पाण्याच्या हौदाचं काम रखडलेलं, साहेब रोज खडसावत होते, आणि पक्क्या विटा भट्टीतून निघायला अजून चार दिवस होते. वैशाखाचं ऊन. मी कडेच्या दोन विटा एकमेकींवर वाजवल्या — खणखणीत! झालं, मी शहाणा, त्याच लावल्या.

हौद भरल्यावर महिनाभरात एक भिंत फुगली आणि बसली. कुणी खाली सापडलं नाही, एवढंच.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं, या विटा हौदाला कशा आल्या? दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — मी खरं बोलणार, याची त्यांना खात्रीच होती हो. मी म्हणालो, "पक्क्या म्हणूनच दिल्या होत्या, साहेब."

दादा हळूच म्हणाले, "त्यो म्हणतोय, तर तसंच आसंल."

केसाने गळा कापणं म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं? नोकरीची भीती होती — होती, पण ती ढाल म्हणून पुढे करत नाही.

पुढे त्यांच्या विटा कुणी घेईना. वर्षभरात भट्टी मोडली आणि दादा लेकीकडे निघून गेले. मागे पक्क्या विटांची एक रास उरली होती. ती मीच उचलून आणली. माझं घर त्याच विटांचं आहे. इतके पावसाळे झाले, भिंतीला एक भेग नाही.