अमावास्येचं काम

अमावास्येला भागाजीमामा सुतारांना आपल्या हातांचं काय करावं ते कळत नसे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरातली पिढीजात शिस्त. हत्यारं धुऊन, हळदकुंकू वाहून कोपऱ्यात ठेवली की मामा घोडेगावभर फिरत सुटत. कुणाचं दार ढकलून बघ, कुणाच्या गाडीचं जू विती टाकून मोज. माझ्या खोलीवर येत तेव्हाही कधी टेकले नाहीत. "गुरुजी, खिडकी रडतीया तुमची. उद्या येतो," असं उभ्याउभ्याच म्हणत आणि चहा संपेस्तोवर खुर्चीचे चारही पाय हलवून बघत. मी शाळेत नवा, बौद्ध घरातला. माझ्याकडे चहा घेणारे गावातले पहिले तेच, आणि त्यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

त्यांचं बोट माझ्यामुळे गेलं. हे आधीच सांगून टाकतो, पुढे सांगवणार नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते आणि फळ्याच्या स्टँडचा पाय मोडला. नेमकी अमावास्या. मी तरुण, असल्या गोष्टींना हसणारा. म्हणालो, "मामा, लाकडाला काय कळते तिथी?" मामांनी मोडका पाय उचलून पाहिला. "तुमी म्हंता म्हनून," म्हणाले आणि लाकूड तासायचा वाकस काढला. शेवटचा घाव निसटला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर तुटून भुशात पडलं. साहेबांनी त्या स्टँडकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

जखम भरली, हत्यारं मात्र कोपऱ्यातच राहिली. एका दिवसाचाही दम न निघणारे हात दोन महिने रिकामे. गाड्या दुरुस्तीला आणणारे परत जाऊ लागले. "विश्वकर्मा कोपलाय," मामा म्हणायचे, "आता वाकस उचलला तर पुरा हात जाईल." मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

एके दिवशी म्हणाले, "गुरुजी, वेरूळला चला माज्यासंगं. सुताराच्या झोपडीत माफी मागायची हाय." वेरूळच्या एका लेण्याला सुतारमंडळी 'सुताराची झोपडी' म्हणतात. आत विश्वकर्मा बसलाय, अशी त्यांची श्रद्धा. आत बुद्ध आहे, हे मला ठाऊक होतं. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून मला तिथं जायचं होतं. एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो, ते विश्वकर्म्याला भेटायला निघालेले, मी बुद्धाला.

लेण्यात शिरताच मामांची मान वर गेली. छताला दगडातच कोरलेले वासे. "दगडाचं हाय, पन माप लाकडाचं," ते पुटपुटले. मग समोरच्या मूर्तीजवळ गेले आणि थबकले.

"गुरुजी, बोट बघा. बोट धरून बसलाय त्यो!" आणि एकदम हसले. "ह्यानंबी अमावास्येला काम केलं जनू!" हसताहसता डोळे पुसू लागले.

ती उपदेशाची मुद्रा होती. माझ्या अगदी ओठावर आलं. आमचं म्हणावं असं आम्हाला फार थोडं मिळालं होतं, त्यातलं हे एक. पण मी बोललो नाही.

खाली ओढ्याकाठी लिंबाखाली भाकरी खाल्ली. ओढा त्या वर्षी कोरडाच होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. मामा मांडी घालून बसले, हात मांडीवर, अगदी स्वस्थ. ते हात असे मी पहिल्यांदाच पाहिले. चैन मला पडत नव्हती. सांगितलं तर ह्यांचा हात पुन्हा खाली पडणार, न सांगावं तर माझ्याच बुद्धाशी खोटेपणा. दोनतीनदा उठलो, बसलो. शेवटी तेच म्हणाले, "बसा की जरा, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छपरातून वाकसाचा आवाज आला. मी शाळेच्या पायरीवर उभा राहून ऐकला आणि मला रडू आलं.

पुढे बदली झाली तेव्हा मात्र राहवेना. तो विश्वकर्मा नव्हे, बुद्ध, हे सगळं सांगितलं. मामा रंधा थांबवून ऐकत राहिले.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुमचा हात उठला नसता, मामा."

त्यांनी आखूड बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा रंधा मारू लागले. मला वाटलं, दुखावले.

मी निघालो त्या दिवशी अमावास्या होती. सामानाच्या पेटीची फळी सुटलेली दिसली तसे मामा घरी गेले आणि वाकस घेऊन आले. मी घाबरून त्यांचा हात धरला. "मामा, आज अमावास्या."

"ठावं हाय," ते म्हणाले. "सोडा हात. आपल्या बुद्धाला चालतंय."