शिवलीलेच्या चार फ्लॉप्या

शिवलीला मूळची निपाणीची. बंगळुरात रक्तदात्यांच्या एका मंडळाच्या दोन खोल्यांच्या कचेरीत ती कॉम्प्युटर सांभाळायची. चार हजार दात्यांची नावं, रक्तगट, फोन नंबर, सगळं त्या एका यंत्राच्या पोटात. हार्ड डिस्क आज ना उद्या मरणारच, प्रश्न फक्त वाराचा, असं ती बिनदिक्कत सांगे. म्हणून दर शुक्रवारी ती सगळी यादी चार फ्लॉप्यांवर दोनदा उतरवी. एक संच टेबलाच्या खणात, दुसरा घरी डब्यात. वर प्रत्येक फ्लॉपी पुन्हा वाचून बघी. चव न बघता आमटी वाढणाऱ्यांतली ती नव्हतीच.

शहाण्णवच्या खंडेनवमीला मॅनेजर कल्लाप्पांनी यंत्र बंद करून साग्रसंगीत पूजा केली. वर्षभर अखंड फिरलेली डिस्क तीन दिवस थंड पडली, ती सुट्टीनंतर फिरलीच नाही. नेमका तेव्हाच प्रसूतिगृहातून फोन आला. एका बाळंतिणीला दुपारच्या आत ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं.

शिवलीलाने शांतपणे खण उघडला आणि कपाळावर हात मारला. कल्लाप्पांनी भक्तिभावाने प्रत्येक फ्लॉपीचा पत्रा सरकवून आतल्या काळ्या चकतीला ओलं कुंकू लावलं होतं.

"स्वल्पच लावलं, अक्का," ते खाली मान घालून म्हणाले.

"असू दे सर. घरी दुसरा संच आहे."

रिक्षात बसल्यावर मात्र तिला घरची पूजा आठवली. खंडेनवमीला सासूबाईंच्या तावडीतून घरातली विळीसुद्धा सुटत नसे.

डब्याच्या झाकणावर झेंडूचं फूल होतं, कुंकवाचं बोटही होतं. आत फ्लॉप्या मात्र लख्ख.

"यंत्राच्या तोंडात कुंकू कोण घालतंय गं?" सासूबाई, ठकुबाई, म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं शिलाई मशीन चालवलं होतं. "मी एकदा बॉबिनला लावलं होतं. दिवाळीचे पांढरे झंपर गुलाबी झाले."

शेजारच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. तिसऱ्या फोनला उपेंद्र नावाचा दाता मारतहळ्ळीहून निघाला. बाळंतीण वाचली हे संध्याकाळी कळलं, तेव्हा शिवलीला खुर्चीत बसून मनसोक्त रडली.

पुढच्या खंडेनवमीला कल्लाप्पा स्वतः रिक्षा घेऊन ठकुबाईंना न्यायला आले. नव्या डिस्कच्या यंत्रासमोर त्या ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि सुनेकडे वळल्या.

"तुझं शुक्रवारचं काम झालंय का?"

झालंय म्हटल्यावरच त्यांनी निरांजन पेटवलं.