बादशाहच्या कवचाला लूमचं तेल

"नर आहे ना, डॉक्टर? नाव बादशाह आहे त्याचं."

अन्वरचाचांनी गोणपाटात गुंडाळलेलं कासव माझ्या टेबलावर ठेवलं आणि टेबलाने सुस्कारा सोडला. वजन बारा किलो. धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये त्यांची रिक्षा इतकी अडकली होती, की कासव चालत निघालं असतं तर आधी पोचून, नंबर लावून, त्याचा पेपरही वाचून झाला असता.

मी आधी कागद बघितले. आपलं देशी कासव घरात पाळणं गुन्हा आहे. हे आफ्रिकन जातीचं, रीतसर नोंद केलेलं.

चाचा निजामपुऱ्यातले जुने लूममालक, कापडाचे यंत्रमाग चालवणारे. लूम विकले, चाची वारल्या, मुलगा मस्कतला. घरात ते आणि बादशाह.

"मादी बघून ठेवलीय. तुम्ही फक्त हा नर आहे एवढं सांगा."

मी कासव अलगद उलटं केलं. मोठ्या नराचं पोट आत दबलेलं असतं, मादीवर चढताना घसरू नये म्हणून. शेपूटही लांब आणि जाड. इथे पोट कॅरमबोर्डसारखं सपाट, शेपूट बोटाच्या पेराएवढी.

"चाचा, बादशाह बेगम आहे."

चाचा खुर्चीत बसले. "चौदा साल मी बाईमाणसासमोर लुंगी बदलतोय?" मग जरा विचार करून म्हणाले, "चालेल. नर आणू."

मी उत्तर देणार, तेवढ्यात कवचाच्या मागच्या कडेला माझा अंगठा दबला. इतक्या मोठ्या कासवाचं कवच दबता कामा नये. नख लावलं तर एक खवला उचलला गेला. खाली ओल, सडका वास, आणि उशी भरता येईल इतके कापसाचे तंतू.

"कवचाला काय लावता?"

"तेल. रोज सकाळी. लूमचंच."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तेल न देता लूम चालतो का? पन्नास लूम चालवलेत मी तेलावर."

मी समजावलं. कवच म्हणजे पेटी नव्हे, हाड आहे. पाठीचा कणा, बरगड्या त्यालाच जोडलेल्या. गल्लीतल्या लूममधून उडणारा कापूस तेलाने धरला, खाली सड लागली. त्यात घरात ऊन नाही, म्हणून हाड मऊ. सड आत उतरली तर जनावर जातं. नर त्या कवचावर धडका मारणार, म्हणजे तो तर नकोच.

"एकटीच राहील मग?"

"कासवं एकटीच राहतात, चाचा. त्यांना सोबत लागत नाही."

चाचांनी बेगमच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "अजून किती जगेल?"

"वाचली तर पन्नास वर्षं."

"तेच ना. मी पुढच्या महिन्यात पंच्याहत्तरचा होतो. मुलगा म्हणतो, कुणाला देऊन टाका. माझ्यामागे घरात हिच्याजवळ कोणीतरी असावं म्हणून जोडी बघत होतो."

"मी आहे ना," मी मोठ्या थाटात म्हणालो. माझं वय अठ्ठावन्न आणि घरी मीही एकटाच. बेगमला हे कळलं असतं तर तिने डोकं आत घेतलं असतं.

खवल्याखालची सड खरवडली, औषधाने धुतली, कॅल्शियम लिहून दिलं. रोज सकाळी गच्चीवर ऊन, बाजूला सावलीही हवी, आणि उघड्या जखमेवर कावळे चोच मारतात म्हणून चाचांनी जवळ बसायचं. दर बुधवारी ड्रेसिंग.

पहिले दोन महिने बेगम खात नव्हती. एका बुधवारी चाचा म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगा, उगाच औषधं नका लिहू." मी औषध बदलून लिहिलं. पुढच्या बुधवारी तिने माझ्या टेबलावर पालक खाल्ला. आठ महिन्यांनी कड अशी टणक झाली, की वर खलबत्ता कुटून घ्यावा.

कासव नर की मादी बघण्याआधी कवचाला काय लावता ते विचारावं, एवढं मी शिकलो.

ड्रेसिंग घरच्या घरी करता येत होतं. आता तर त्याचीही गरज नाही. बुधवारी दुपारी क्लिनिकमध्ये दुसरं कोणी येत नाही, म्हणून मी चाचांना अजून ते सांगितलेलं नाही.