सोरायसिसचा हात आणि सावडीची भाकरी

"हा गजकर्ण नाही, सोरायसिस आहे," भोरच्या डॉक्टर मॅडम रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाल्या, आणि मला चक्क बरं वाटलं. दोन वर्षं मी मेडिकलमधून गजकर्णाच्या ट्यूबा आणून कोपरांना चोळत होते. आता खरं नाव कळलं, म्हणजे औषधही मिळणार, असा माझा सरळ हिशोब.

मग त्या म्हणाल्या, "हा कायमचा जाणारा आजार नाही. पण आटोक्यात राहणारा आहे."

आटोक्यात म्हणजे किती, असं मी विचारलं. "इतका, की तुम्ही विसरून जाल. मग तो मधूनच आठवण करून देईल." माझ्या नणंदेचा स्वभाव हुबेहूब असाच आहे, पण ते मी तिथं बोलले नाही.

रिपोर्ट होता स्किन बायोप्सीचा. म्हणजे तळहाताच्या कातडीचा तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. दुखत नाही, भूल देतात. दुखतात ते रिपोर्टची वाट बघायचे आठ दिवस. कुष्ठरोगापासून कॅन्सरपर्यंत सगळे आजार मी त्या आठ दिवसांत मनातल्या मनात भोगून घेतले. तुमच्यावर अशी वेळ आली, तर हातात काहीतरी काम घेऊन बसा. मी ब्लाऊज शिवले. त्यातल्या एकाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, तो भाग वेगळा.

सोरायसिस म्हणजे काय, ते मॅडमनी सोपं करून सांगितलं. आपल्या शरीराची राखण करणारी यंत्रणा, म्हणजे इम्युन सिस्टिम, उगीचच कामाला लागते आणि कातडीला घाई करते. जी कातडी महिन्याभरात तयार व्हायची, ती चार दिवसांत तयार होते. जुनी गळायच्या आत नवी वर येऊन बसते, तिच्याच खपल्या होतात. "आणि हा संसर्गजन्य नाही," त्या म्हणाल्या. "शिवल्याने, जेवल्याने, कपड्याने, कशानेही दुसऱ्याला होत नाही." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. ते पुढं किती कामाला येणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

मी गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीत राहते. वय सत्तेचाळीस, शिक्षण बारावी, घरी शिलाई मशीन आणि पावसाळ्यात भात. तळहातांची दशा एवढी कशानं झाली, असं मॅडमनी विचारल्यावर मला बिब्ब्याची गोष्ट सांगावीच लागली. आमच्याकडं चिखलात काम करून टाचांना भेगा पडल्या की बिब्बा तापवून त्याचं तेल भेगेत सोडतात. पिढ्यानपिढ्या चालत आलंय. माझ्या टाचांना आणि तळहातांना भेगा पडल्या, तेव्हा माझी जाऊ शोभा मोठ्या मायेनं दाभणाला बिब्बा टोचून बसली आणि तिनं एकही भेग सोडली नाही. चार दिवसांत हातपाय भाजल्यासारखे उतले. ते बरं झालं तर जिथं जिथं तेल ओघळलं होतं, तिथं तिथं खपलीच्या लाल रेघा उठल्या. मॅडम म्हणाल्या, याला कोबनर फिनॉमेनन म्हणतात. कातडीला खरचटलं, भाजलं, ओरखडलं की सोरायसिस नेमका त्याच जागी उगवतो. म्हणजे आम्ही दोघी जावांनी मिळून पेरणी केली होती.

नंतर त्यांनी पाळीबद्दल विचारलं. कातडीच्या डॉक्टरला पाळी कशाला हवी, असं मला वाटलं. शेजारी बसलेले आमचे हे तर वरच्या पंख्याचं निरीक्षण करायला लागले. मी सांगितलं, वर्षभर काही ताळमेळ नाही. कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. बसल्या जागी अंगातून वाफ निघते आणि पदर भिजतो. बाळंतपणांचं विचारल्यावर मलाच आठवलं, की दोन्ही खेपेला पोटुशी असताना माझं डोकं लख्ख होतं, आणि बाळंत झाल्यावर केसात कोंड्याचे पापुद्रे आले होते. तो कोंडा नव्हताच.

"तुमचा पेरिमेनोपॉज चालू आहे," मॅडम म्हणाल्या. पाळी कायमची थांबण्याआधीची काही वर्षं असतात, त्यांना हे नाव. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन त्या काळात वरखाली होत कमी होत जातं. काही बायकांचा सोरायसिस त्यात उसळतो, सगळ्यांचा नाही. अशा उसळण्याला फ्लेअर म्हणतात. तुमचा कशानं उसळतो ते तुम्हीच टिपून ठेवा, असं त्यांनी बजावलं.

आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर म्हैस कधी फळली, सिलेंडर कधी लावला, सगळं लिहिलेलं असतं. त्यातच मी माझी भर घातली. पाळीला फुली, वाफेला टिंब, खाज वाढली की रेघ. एकदा ह्यांनी माझी फुली म्हशीची समजून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पण तीन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. पाळी लांबली की टिंबं वाढायची, झोप उडायची आणि आठवड्याभरात रेघांची रांग लागायची. हे कळल्यावर निम्मी भीती गेली. टिंबं वाढायला लागली की मी मलम आणि झोप दोन्ही नेमानं घ्यायला लागले.

गुण येत होता, पण मुंगीच्या पावलांनी. आणि मला घाई होती, कारण लावणी जवळ येत होती.

आमच्या वाडीत भातलावणी सावडीनं होते. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरीचा प्रश्न नाही, हाताला हात. ज्या घरचं काम त्या घरचं जेवण. सावडीला कुणी आपली भाकरी बांधून आणत नाही. लग्न होऊन आल्यापासून सत्तावीस वर्षं मी एकही सावड चुकवलेली नाही. तिथं नुसता भात लागत नाही. वर्षभराचं बोलणं, चेष्टा, रडणं सगळं त्या चिखलात होतं. ज्या घरचा हात सावडीत नाही, ते घर हळूहळू कशातच नसतं. मला माझी जागा सोडायची नव्हती. बास, एवढंच.

म्हणून मी चूक केली. हायवेच्या कडेला एक बाबा तंबू टाकून बसले होते. कातडीचा कुठलाही आजार एकवीस दिवसांत, असं त्यांच्या फलकावर होतं. त्यांनी दिलेल्या औषधाच्या पुड्यांवर नाव नाही, गाव नाही. मॅडमना न सांगता मी त्या सुरू केल्या आणि आठ दिवसांत हात लोण्यासारखे मऊ झाले. चेहराही गोल गरगरीत झाला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. मी आरशात बघून स्वतःवरच खूश. मग एके दिवशी पुड्या आणायला गेले, तर तिथं नुसते खुंट्यांचे खड्डे होते.

पुड्या बंद झाल्या आणि पंधरा दिवसांत अंगावर जे उसळलं, ते आधीच्या दुप्पट होतं. नसरापुरात एसटी बदलून भोरला पोचेपर्यंत मला सीटला पाठ टेकवेना.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "पुडीत काय होतं ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण झटकन गुण, सुजलेला चेहरा आणि बंद केल्यावर हे, यावरून स्टिरॉइडचा संशय येतो." स्टिरॉइड म्हणजे सूज दाबणारं जोरकस औषध. डॉक्टरच्या हातात ते कामाचं असतं. पण पोटात किती गेलं ते माहीत नसताना घेणं वाईट, आणि एकदम तोडणंही वाईट. याला रिबाउंड म्हणतात, म्हणजे दाबलेलं दुप्पट जोरानं वर येणं. मग रक्त तपासलं, साखर, लिव्हर, थायरॉईड सगळं बघितलं, औषधं बदलली. लावणीला जाऊ का, या माझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, "यंदा चिखलात हात घालायचा नाही."

गावठी उपचार सगळेच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. सारोळ्याला एक वयस्कर वैद्य आहेत. त्यांनी नाडीच्या आधी माझी फाईल मागितली. अंगाला लावायला तेल, प्यायला काढा दिला आणि म्हणाले, डॉक्टरचं औषध सोडायचं नाही, आणि माझं हे दोन्ही डॉक्टरला दाखवायचं. मॅडमनी बाटलीवरचं वाचून तेलाला हो म्हटलं, काढ्याला नको म्हटलं. वैद्यांना राग आला नाही. दोघांपैकी कुणापासूनच काही लपवायचं नाही, हे मी त्या पुड्यांची किंमत मोजून शिकले. जो तुमची फाईल बघायला मागत नाही, त्याच्या दारातून उलटं फिरा.

जून सरता सरता हातांच्या भेगा मिटल्या. मनगटापासून कोपरापर्यंत मात्र चट्टे होते. सावड ठरवायला बायका आमच्या ओट्यावर बसल्या, तेव्हा मी सांगितलं, की मला यंदा चिखल बंद आहे, पण माझ्या हाताच्या बदल्यात मी सगळ्या घरी स्वयंपाक करीन. मला वाटलं, खूश होतील. पलीकडच्या घरातली हौसाताई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, तिनं पदर सावरला.

"राग मानू नगं," ती म्हणाली. "पर घरात ल्हान पोरं हायती. त्या हाताचं खायाचं म्हंजी…"

मी मॅडमचं वाक्य सांगितलं. मान सगळ्यांनी डोलावली, पण बघू असं म्हणून उठल्या. मला इतका संताप आला, की मी घरात जाऊन अख्खा डबाभर शेंगदाणे कुटले. म्हणजे माझ्याकडं देण्यासारखं एकच काम उरलं होतं, आणि नेमकं तेच कुणाला नको होतं.

पहिला दिवस आमच्याच घरचा होता. मी तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकऱ्या केल्या, काळ्या वाटाण्याची आमटी, ठेचा, कांदा. दुपारी पाटी डोक्यावर घेऊन बांधावर गेले. माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं, छत्री धरून मागनं आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बायका हात धुऊन बसल्या. आणि हौसाताईनं कमरेचं फडकं सोडलं. त्यात तिची स्वतःची भाकरी होती.

सावडीत असं मी कधी बघितलं नव्हतं. माझे हात पाटीवर होते, ते मला उचलता येईनात.

सासूबाई खाली बसल्या. पाटीतली वरची भाकरी त्यांनी उचलली, आमटीत बुडवून मऊ केली आणि सावकाश खाल्ली. मग म्हणाल्या, "सत्तावीस वर्सं हिच्या हातचं खातीया म्या. मला काय झालंया? दात तेवडं पडल्यात, पर ते काय हिच्यामुळं न्हाई."

आधी शोभा हसली. मग सगळा बांध हसला आणि हात पाटीकडं आले. मीही बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि चट्टे दाखवले. बघा म्हटलं, नीट बघा, एकदाच काय ते. दोघीतिघींनी बोट लावूनही बघितलं. हौसाताईनं स्वतःचीच भाकरी खाल्ली. पण शेवटी ताटली पुढं केली आणि थोडी आमटी मागितली. मी भरपूर वाढली. टोमणा जिभेवर आला होता, तोही आमटीबरोबर गिळला.

पुढच्या घरांमध्ये मी रांधलं. प्रत्येक ठिकाणी सकाळी मलम धुऊन, नखं कापून, चुलीपुढं. वाफेची टिंबं त्या महिन्यात इतकी, की चूल जास्त तापलीय की मी, ते कळत नसे. पण रेघा कमी पडल्या. मॅडम म्हणतात, मनावरचा ताण उतरला की कातडीला कळतं.

आज हे लिहिताना माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा आहे. तो वाढेल, कमी होईल, मी त्याला ओळखते. ज्यांच्या अंगावर असं काही आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच, की लपवण्यात जेवढा जीव खर्च होतो, तेवढा आजारात होत नाही. मी बाह्या वर केल्या आणि मला मोकळं वाटलं. मॅडमचे, वैद्यांचे आणि माझ्या बोळक्या सासूबाईंचे माझ्यावर उपकार आहेत.

हौसाताईच्या घरची सावड सगळ्यात शेवटी होती. आदल्या संध्याकाळी ती दारात आली. मी म्हटलं, उकड तूच काढ, मळ आणि थाप, मी येऊन नुसत्या भाजते, म्हणजे तुला शंका नको.

"न्हाई," ती म्हणाली. "तूच येऊन मळ."

मी गेले. तिच्या परातीत तिच्या घरचं पीठ मळलं. ती शेजारी बसून चुलीत काटक्या सारत होती आणि माझ्या हातांकडं बघत होती. पहिली भाकरी फुगली. तव्यावरून उतरवायच्या आतच तिनं ती उचलली, फुंकर मारली, कडेचा एक तुकडा मोडला आणि मांडीवर बसलेल्या तीन वर्षांच्या नातीच्या तोंडात घातला.

मला रडू आलं. चुलीला धूर होता, म्हणून खपून गेलं.