मीटरच्या काट्यांजागी आकडे

आमची मोटार जुनी, गोल बोनटची. तिच्या मीटरचे काटे कधीचेच थकलेले. टाकी भरली तरी पेट्रोलचा काटा खालीच लोळायचा, म्हणून मालक, म्हणजे आमचे हे, टाकीत काडी बुडवून बघायचे. इंजिन तापलं की त्यांना वासावरून कळायचं. गाडीचं एवढं कळणारा माणूस, पण डोळ्यांचं विचारलं की चिडायचे.

शेजारी बसून आमच्या मुलानं बघितलं होतं, काटा वाचायला हे पार वाकतात. तो म्हणाला, "दादा, मोठ्या आकड्यांचे मीटर बसवू. बसल्या जागी दिसले तर खुशाल चालवा. न्हाई दिसले तर चावी माझ्याकडं."

"मला समदं दिसतंय," म्हणाले. पण गाडी मीटर बसवायला द्यायला तयार झाले. मी काय समजायचं ते समजले.

नांदेडच्या वायरिंगवाल्यानं काम मन लावून केलं. जुन्या गोल कड्या तशाच ठेवल्या नि आत निळ्या आकड्यांच्या काचा बसवल्या. डॅशबोर्डच्या मधोमध मसुराएवढा एक काचेचा डोळा बसवला. तो कशाला, हे आम्ही काही विचारलं नाही. मुलानं दादांना एक फेरी मारायला लावली, आकडे वाचून घेतले नि चावी दिली. आकडे तेव्हा झळझळीत होते, ती गोष्ट वेगळी.

दसऱ्याला गाडीची पूजा मालकांनीच केली. चाकांना, बोनटला हळदकुंकू झालं. "मीटरच्या काचेला लावू नका," म्हणून मुलानं बजावलं होतं. ह्यांनी त्या मधल्या डोळ्यावर ओल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट टेकवलं. वर मुलाला म्हणाले, "काचेला लावलं न्हाई बरं का."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लातूरला लेकीकडं निघालो. लोहा गाव मागं पडलं, ऊन चढलं, तसे हे सारखे मीटरकडं वाकायला लागले. थोड्या वेळानं गाडी कडेला घेतली.

"तापली का?" मी विचारलं.

"मला दिसंना."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"रस्ता दिसंना?"

"रस्ता दिसतोय. आकडे न्हाईत. नुसतं काळं दिसून राहिलंय."

मी चष्मा सारखा करून वाकले. "अहो, मला बी दिसंनात."

"खरं?"

"तुमची शपथ."

काय तोंड उजळलं त्यांचं! नवं मीटर बंद पडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी हाताची सावली केली तर काचेत निळसर काहीतरी होतं. वायरिंगवाल्याला फोन लावला.

"काकू, पूजा केली का गाडीची?" तो हसायलाच लागला. "त्या डोळ्याला कुंकू लागलंय का बघा. अंधार पडला की आकडे मंद व्हावेत म्हणून तो बसवलाय. झाकलात तर गाडीला वाटणार रात्र झाली."

"ऐकलं का, गाडीला रात्र झाली म्हणे," मी म्हणाले, नि पदर भिजवून डोळा पुसला. आकडे लखकन् उजळले.

"अठ्ठ्याऐंशी!" मालक जोरात म्हणाले. "बघ, दिसतंय का न्हाई?"

इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काचेवर छ्याऐंशी होते.

"छ्याऐंशी हाय," मी म्हणाले.

ते वाकले, आणखी वाकले, नाक काचेला लागेस्तोवर. मग सरळ बसले. पुढचा सगळा रस्ता त्यांनी गाडी बैलगाडीसारखी हळू हाकली, नि आकडे मी वाचून सांगत गेले. त्यांनी एकदाही हटकलं नाही.

लातूरला लेकीनं चहा पुढं केला, तर कप हातात घ्यायच्या आधी तिला म्हणाले, "इथं डोळ्याचा डॉक्टर चांगला हाय म्हणतात. उद्याचं बघ."

मग त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला. "गाडी न्यायला ये."

"का? मीटर बिघडलं का दादा?"

"मीटर चांगलं हाय," म्हणाले, नि फोन माझ्या हातात दिला.