गोळी गिळल्यावर बोला

चांदा गावच्या दवाखान्यातली एक नर्स क्षयाच्या रोग्याला गोळी दिल्यावर लगेच बोलायला लावी. गालात लपवली असेल तर आवाजावरून कळे. मीही तिथला रोगी; मला ती मोहफुलांचा भाव विचारी, कारण माझा धंदाच तो. त्यानंतरच नवी आलेली स्ट्रेप्टोमायसिनची सुई टोची.

एकदा मी कडू गोळी गालातच धरली. तिने भरलेली सुई बाजूला ठेवली.

मी गोळी थुंकून ओरडलो, "सुई टोचा ना बाई! गुन तिचाच येऊन राह्यला!"

"नुसत्या सुईले रोग सरावते, भाऊ. मंग सुईबी लागू होनार नाई. इथी घासाघीस चालत नाई."

तिने दुसरी गोळी पुढे केली. साऱ्या वॉर्डासमोर ती गिळावी लागली.

आता मी बरा झालोय; ती बाजारात दिसली, की अजून डोकं तापतं. पण नमस्कार मीच आधी करतो.