टीव्हीला जोडलेला कंप्युटर

कंप्युटर नवेनवे आले तेव्हा आमचे शेजारी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हातानं मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. कट्ट्यावर बसले की बोटाने हवेत रेघा मारत ओरडायचे, "मालकाचं लाखाचं मशीन बी रेघच मारतंय, माझा घरातला टीव्हीला जोडलेला कंप्युटर बी रेघच मारतोय की!"

ड्रॉइंग काढायला आणलेल्या मालकाच्या त्या नव्या मशीनला एसी खोली होती. चपला काढून आत जायचं. शेजाऱ्यांना मात्र आत बोलावणंच नव्हतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा बघायला त्यांच्याकडे गेलो. कंप्युटर कोपऱ्यात टॉवेलाखाली झाकलेला. पाटावर झेंडू वाहिलेला, रेघा मारायचा जुना लाकडी टी-स्क्वेअर.

"कंप्युटरची पूजा न्हाय?" मी विचारलं.

"आजवर ह्यानंच पोटाला घातलंय." टी-स्क्वेअरवर बोट ठेवताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आता समदी ड्रॉइंग त्या मशीनवर जाणार. फुडच्या वर्साला पाटावर काय ठेवू, सांगा की."